‘आंडेर’ शब्दाची सुनावणी

अन्याय झाला तो सुवर्णावर. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, भर दुपारी, जळगावच्या पिंप्राळ्यात, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत. आणि तो करणारे सगळे आधी आमच्या माठातलं पाणी प्याले होते. सुवर्णा माझी मामेबहीण, ‘फुफाटा’ नावाच्या रॉक बँडची गायिका. तिच्या तोंडातून तिचाच शब्द काढून घेतला गेला, आणि काढून घेणाऱ्यांत तिचे वडील होते. हे मी गोलगोल लिहिणार नाही. कॉलेजपासून मी पत्रकं लिहीत आले, आणि पत्रकाला एकच पान असतं. ‘तिशीच्या आत आठवणी लिहायला बसलीस का गं?’ असं परवा आईनेच विचारलं. बसले. ज्यांनी हे काम साठीनंतरसाठी राखून ठेवलं, त्यांनी अशा दुपारी सोयीने विसरून दाखवल्या आहेत.

सुवर्णा धुळ्याकडच्या खेड्यातून शिकायला आमच्याकडे आली, ती गिटार घेऊनच. गिटार पोत्यात गुंडाळलेली होती, एसटीच्या टपावरून आलेली, आणि आईने ती पाहून पहिला प्रश्न विचारला की हिला ऊन लागलं तर चालतं का. आमच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती. तिथे बँड बसायचा. पत्र्याखाली एप्रिल-मे म्हणजे काय ते जळगावकराला सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी तापलेल्या तव्यावर हात ठेवून पाहावा. पंकज ड्रम वाजवायचा. तो रावेरचा, घरची केळी, मोटारसायकलला कायम एक लोंगर बांधलेलं असायचं आणि ते आमच्या स्वयंपाकघरात उतरायचं. इमरान मेहरूणहून यायचा, दुसरी गिटार त्याची. खोलीच्या बाहेर गच्चीभर आईच्या कुरडया वाळत पडलेल्या असायच्या, आणि ड्रम सुरू झाला की त्या प्लास्टिकच्या कागदावर थरथरायच्या. आई जिन्यातून ओरडायची, ‘पंकज, हळू रे, माझा चीक अजून ओला आहे!’ खाली कूलरची घरघर, शेजारी मिक्सर, वर आमदाराच्या नावाने बोंब. माझ्या तरुणपणाचा आवाज हा असा आहे. अजूनही कुठे कूलर सुरू झाला की मला गाणं सुरू होईलसं वाटतं.

आता तो शब्द. आमच्या आजोळी, म्हणजे सुवर्णाचे वडील नानामामा यांच्या घरी, अहिराणी बोलतात. अहिराणीत मुलाला आंडोर म्हणतात आणि मुलीला आंडेर. बस. यात काही गूढ नाही, काही खोल नाही. नानामामा दर रविवारी फोन करायचे आणि आईने उचलला की ‘कशी आहेस’च्या आधी विचारायचे, ‘अक्का, मनी आंडेर काय करस?’ माझी मुलगी काय करते. पण शहरातला कान या शब्दाच्या पहिल्या अर्ध्यातच अडकतो आणि लाजतो किंवा फिदीफिदी हसतो. पंकजचंच घ्या. रावेरकडची बोली वेगळी, त्याला हा शब्द माहीत नव्हता. सुवर्णाने गाणं बसवलं, तो आठवडेच्या आठवडे मनगटं दुखेपर्यंत वाजवत राहिला, आणि एक दिवस वरण-बट्टी खाता खाता त्याने विचारलं, ‘आंडेर म्हणजे नक्की काय व?’ सुवर्णाने सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. ‘मुलगी? मले तं वाटलं आमदाराले शिवी देऊ रायलो आपण! म्हणून तं इतका जोरात वाजवत होतो.’ इमरान इतका हसला की त्याला ठसका लागला. आई म्हणाली, ‘मग आता जरा मायेने वाजव.’

गाणं कुठून आलं ते सांगायलाच हवं, कारण पुढे सगळ्यांनी तेवढंच सोडून बाकीचं ऐकलं. त्याच्या आदल्या वर्षी आखाजीला आई आणि माझ्या दोन्ही मावश्या माहेरी गेल्या होत्या. आखाजी हा आमच्याकडे लेकींचा सण. निंबाला झोका, खापरावरचे मांडे, पातेलंभर आंब्याचा रस, सांजोऱ्या, बाया झोक्यावर गौराईची गाणी म्हणतात, पुरुष ओट्यावर पत्ते कुटतात. सगळं झालं. आणि दुसऱ्या दिवशी नानांनी जीप करून तिन्ही बहिणींना तालुक्याच्या कचेरीत नेलं. हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीवर आमचा काही दावा नाही, अशी सही. कुणी धमकावलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. प्रत्येकीला साडी मिळाली. आईने सही केली, कारण भावाचं घर बंद व्हायला नको. मागच्या सीटवर सुवर्णाही बसली होती. परतताना तिने आईला विचारलं, ‘आत्या, उद्या मलाही आणतील का इथे?’ आई नवी साडी मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली. हे मला सुवर्णाने सांगितलं. आईने आजवर सांगितलेलं नाही.

‘भारनियमन’ हा ‘फुफाटा’चा पहिला अल्बम. त्यात विजेवर गाणं होतं, पेपरफुटीवर होतं, केळीच्या भावावर होतं, खड्ड्यांवर होतं. आमदाराचं नाव न घेता त्याला असा सोलला होता की त्याच्या शेजाऱ्यालाही कळावं. आणि शेवटी हे. कडव्याला सगळी वाद्यं गर्दी करायची आणि एका जागी एकदम थांबायची, तिथे फक्त तिचा आवाज:

आखाजीले उनी आंडेर,
झोका बांधा, रस काढा.
सांजोरी खाय, सही कर,
मंग तुनं घर कोनतं, सांग.

‘उनी’ म्हणजे आली, बाकीचं सांगायला नको. अल्बम इंटरनेटवर चढला आणि मतं यायला लागली. ती वाचायचं काम माझं होतं, कारण सुवर्णा वाचायची नाही आणि पंकज वाचून भांडायचा. सुरुवातीला आमची छाती फुगली. ‘विजेचं गाणं एक नंबर, आमदाराला पाठवा.’ ‘खान्देशात गिटार वाजते हे आज कळलं.’ एकाने लिहिलं, ‘सगळं ठीक, पण केळीवर अजून एक गाणं पाहिजे,’ तर पंकज म्हणाला, ‘हा माझा काका आहे, याला उत्तर देऊ नका.’ मग लोक शेवटच्या गाण्यापर्यंत पोचले. ‘आवाज भारी, शब्द घाण. फॅमिलीसोबत ऐकता येत नाही.’ ‘अहिराणी गाणं म्हणून हळदीत लावलं, एक माणूस नाचला नाही.’ ‘शुद्ध मराठी येत नसेल तर लिहू नये.’ ‘मुलीच्या तोंडी असली भाषा? आईबाप काय करतात?’ ‘ताई, राजकारण सोडा, संगीताकडे लक्ष द्या.’ मी खाली शब्दाचा अर्थ लिहिला. उत्तर आलं, ‘पुरावा द्या.’ मुलीला मुलगी म्हणण्याचा पुरावा! आणि या सगळ्याच्या तळाशी कुण्या बाईचं एकच वाक्य पडलं होतं, अहिराणीत: ‘मी बी सही करी दिनी.’ मीही सही करून दिली. त्याला कुणी पसंतीचा अंगठा दिला नव्हता, कुणी उत्तर दिलं नव्हतं. गाणं ज्यांच्यासाठी होतं त्यांच्यापैकी एकीने ऐकलं होतं, आणि ती एवढंच म्हणून निघून गेली होती.

मी चिडून पत्रक लिहिलं. शब्दाचा अर्थ वर ठळक, खाली हक्कसोडीचा सगळा प्रकार. झेरॉक्सला टाकायच्या आधी सुवर्णाला दाखवलं. तिने वाचलं आणि परत दिलं. ‘गाण्यासोबत अर्थाचं चिटोरं वाटायचं असेल तर मी गाते कशाला? भाजी वाढताना कुणी कृती वाचून दाखवतं का?’ मी म्हटलं, लोक चुकीचं ऐकताहेत. ती म्हणाली, ‘लोक बरोबर ऐकताहेत. आमदाराला नावं ठेवली तेव्हा यांना भाषा दिसली नाही. गाणं स्वतःच्या सातबाऱ्यापर्यंत आलं, तेव्हा दिसली.’ मी इतकी वर्षं पत्रकं लिहितेय. याहून नेमकं वाक्य माझ्या एकाही पत्रकात नाही.

तर ती दुपार. आखाजीच्या संध्याकाळी धुळ्याच्या एका सभागृहात ‘फुफाटा’चा कार्यक्रम ठरला होता, पहिला मोठा. आदल्या दिवशी सकाळी कार्यक्रमाच्या समितीचा फोन आला की आम्ही भेटायला येतोय. आईने रस काढायला घेतला. पाहुणे कशाला येताहेत हे माहीत नसतानाही आमच्याकडे आधी रस निघतो. दुपारी फाटकाशी गाडी थांबली. आधी उतरले नानामामा. डोक्याला रुमाल, पायांत धुळीने पांढऱ्या चपला. फाटक उघडता उघडताच त्यांनी नेहमीसारखी हाक दिली, ‘अक्का! कोठे शे मनी आंडेर? गैरं ऊन शे, पानी दे व माय!’ त्यांच्यामागून समितीचे भाऊसाहेब आणि आणखी दोघे. भाऊसाहेब वकील, गोड बोलणारे, पांढरा सदरा इस्त्रीचा. त्यांच्या टेबलावरून हक्कसोडपत्रं किती गेली असतील ते त्यांनाच ठाऊक. आणि ते अस्सल धुळ्याचे. त्यांना तो शब्द माहीत नव्हता, यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता आणि आजही नाही. हाक दिली गेली तेव्हा ते नानांच्या हातभर अंतरावर चपला काढत होते.

सगळे बसले आणि वीज गेली. कूलर घरघरत बंद पडला. पंकज इमरानच्या कानात पुटपुटला, ‘आपला अल्बम लागला.’ कुणी हसलं नाही. पन्ह्याचे पेले फिरले.

‘बेटा, गाणी चांगली आहेत,’ भाऊसाहेब सुवर्णाला म्हणाले. ‘मी स्वतः गाडीत ऐकली. संगीताबद्दल आमचं काही म्हणणं नाही.’

‘मग कशाबद्दल आहे?’

‘एक शब्द आहे.’

‘कोणता?’

भाऊसाहेब हसले. ‘तो मी इथे अक्कांसमोर उच्चारू का?’

‘उच्चारा की,’ आई दारातून म्हणाली. कोपरापर्यंत रस लागलेल्या हाताने तिने माझ्याकडे बोट केलं. ‘ही माझी झाली तेव्हा सुईणीनेच पहिला उच्चारला. आंडेर व्हयनी, बोलनी. मी काही कान झाकले नव्हते.’

‘अक्का, घरात ठीक आहे हो. पण माइकवर? बायकामुलांसमोर? आपण काय म्हणतो त्यापेक्षा ऐकणारा काय ऐकतो ते महत्त्वाचं. लोकांनी खाली काय काय लिहिलंय, वाचलंत ना? एवढंच करा, त्या जागी ‘मुलगी’ घाला. अर्थ तोच.’

‘अर्थ तोच असेल तर बदलायचं कशाला?’ सुवर्णा म्हणाली.

‘आणि ‘सही कर’ चालेल का माइकवर?’ मी विचारलं. ‘की त्या जागी पण काही सुचवताय?’

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. ‘तू ती पत्रकं वाटणारी ना? तुझं पण ऐकू हं कधीतरी.’ त्यांच्या बरोबरचे दोघे हसले. मग ते नानांकडे वळले. आवाज आणखी मऊ केला. ‘नाना, हे काही कोर्ट नाही. तुम्ही मुलीचे वडील. तुम्ही सांगाल ते आम्ही मान्य करू. तुमच्या घरात मुलीला असं म्हणतात का?’

खोलीत इतकं उकडत होतं की पेल्यांनाही घाम सुटला होता. नानांनी डोक्याचा रुमाल काढला, मान पुसली, रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा घातली. ते सुवर्णाकडे बघत नव्हते, आईकडेही नाही. मला वाटलं, आता म्हणतील. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की हो, म्हणतो, आताच फाटकात म्हटलं, तुम्ही ऐकलंत. मग नाना बोलले. बँकेच्या साहेबासमोर बोलायचे त्या मराठीत बोलले.

‘नाही. आमच्याकडे मुलीला मुलगीच म्हणतात.’

 बोलली आई. ‘नाना,’ ती म्हणाली, ‘मंग मी कोनी आंडेर शे?’ मग मी कुणाची मुलगी?

‘अक्का, तू मझार पडू नको.’

‘सही कराले मझार लागनू ना? आते बोलाले बी लागसू.’ सही करायला मध्ये लागले ना? आता बोलायलाही लागेन.

लग्नापासून आजवर आई भावासमोर यापेक्षा मोठ्या आवाजात बोललेली मला माहीत नाही. हा आवाजही मोठा नव्हता. नाना उठले. चपला शोधता शोधता, उंबऱ्याकडे बघत, सुवर्णाला म्हणाले, ‘शब्द काढ. नाहीतर उद्या घरी येऊ नको. सण आम्ही करून घेऊ.’ भाऊसाहेब म्हणाले, ‘नाना, एवढं टोकाचं कशाला,’ आणि म्हणता म्हणता त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडून उभे राहिले. रस कुणी चाखला नाही. आईने पातेल्यावर ताट झाकलं आणि त्यावर पाणी भरलेला तांब्या ठेवला, जणू आतून काही उसळून येणार होतं.

पत्र्याच्या खोलीत आम्ही बसलो तेव्हा पंकज पेटला होता. ‘गाऊ आपण! होऊन होऊन काय होईन?’

‘तुझं काही होणार नाही, पंक्या,’ सुवर्णा म्हणाली. ‘तुझं नाव सातबाऱ्यावर लागेल. मी उद्या दारातून परत फिरले तर माझ्या आईला वर्षभर ऐकवतील. आणि पुढच्या आखाजीला मी कुठे जाऊ?’ इमरान म्हणाला, ‘मग ‘मुलगी’ गातेस?’ तिने गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारांवर तळवा दाबला. मी भांडले. कार्यक्रमच रद्द करू म्हटलं, पत्रक काढू म्हटलं. ती म्हणाली, ‘तुझ्या पत्रकात मी असेन. माझ्या घरात मी नसेन.’ मग म्हणाली, ‘त्यांना तो शब्द नकोय ना? नसेल. पण त्याच्या जागेवर दुसरा बसू देणार नाही.’

धुळ्याला सभागृह भरलं होतं. बायका नवी लुगडी नेसून, नवे गजरे माळून आल्या होत्या, पुढच्या रांगेत भाऊसाहेब आणि शेजारी नाना. विजेच्या गाण्याला शिट्ट्या पडल्या, आमदाराच्या गाण्याला वन्स मोअर. मग ते गाणं. गर्दी करून आलेली वाद्यं एकदम थांबली. पंकजने काड्या वर धरल्या. ‘आखाजीले उनी,’ ती म्हणाली, आणि ओठ मिटून घेतले. त्या जागी काहीच नव्हतं. पंख्यांचा आवाज ऐकू आला. मागून एक पोरगा ओरडला, ‘माइक गेला का रे?’ आणि अख्खं सभागृह हसलं. हसण्यावरच पुढची ओळ सुरू झाली. कडवं पुन्हा आलं, पुन्हा ती जागा आली, यावेळी लोक तयार होते, आधीच हसले. ‘सांजोरी खाय, सही कर’ ही ओळ त्या हसण्यात बुडाली. मी विंगेत उभी होते. एखाद्याचं तोंड हाताने दाबलेलं मी मोर्च्यात पाहिलंय. पोलिसाचा हात तरी दिसतो. शेवटी भाऊसाहेबांनी माइक घेऊन सुसंस्कृत तरुणाईचं कौतुक केलं. नानांनी टाळ्या वाजवल्या. वाजवताना ते पायांकडे बघत होते.

ती घरी गेली. मांडे खाल्ले, झोक्यावर बसली. त्या कार्यक्रमाचं चित्रण चढलं तर त्याखाली लिहिलं गेलं, ‘आता फॅमिलीसोबत ऐकता येतं.’ सगळं सुरळीत झालं, असं म्हणणारे आमच्या नात्यात पुष्कळ आहेत. त्यांना मी एवढंच सांगते. नानांचा फोन अजून दर रविवारी येतो. आईला ते विचारतात, ‘सुवर्णा काय करस?’ आईच्याच हे पहिल्यांदा लक्षात आलं. त्या दुपारनंतर त्यांनी तिला एकदाही आंडेर म्हटलेलं नाही. तोंडातून तो शब्द निघाला तर त्या खोलीतलं खोटं बोलणं उघडं पडेल, म्हणून असेल. किंवा लोकांनी घाण म्हटलेली गोष्ट लेकीला कशी म्हणायची, म्हणून असेल. सुवर्णा मला एकदा म्हणाली, ‘जमिनीवरून तर मला उद्या काढतील. त्या शब्दातून आधीच काढलं.’ ‘फुफाटा’ अजून वाजतो. ते गाणं ती गात नाही.

अल्बम मात्र अजून तिथेच आहे, आणि त्याखालची मतंही. घाण. अश्लील. आईबाप काय करतात. ती तुम्हीच लिहिली आहेत. जळगावातून, धुळ्यातून, पुण्यातल्या फ्लॅटमधून. हे प्रकरण तुमच्यापर्यंत पोचलं असेल तर पुस्तक बाजूला ठेवा, फोन हातात घ्या आणि तुमचं मत खोडा. माफी लिहू नका, तिचा इथे कुणाला उपयोग नाही. खोडण्याआधी गाणं एकदा ‘सही कर’पर्यंत ऐका. तिथे राग आला, तर मोकळ्या झालेल्या जागेवर स्वतःच्या नावाने सरळ मराठीत लिहा: ‘माझ्या बहिणीचं नाव मला सातबाऱ्यावर नको आहे.’ खरं मत तेवढंच आहे. ते लिहा, आणि खाली सही करा.